ठोशाचं बळ तळपायात

४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, जेस विलर्ड आणि जॅक डेम्पसी हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी रिंगमध्ये उतरले. जोड अगदीच विजोड होती. विलर्ड साडेसहा फुटांहून उंच आणि वजनाने सुमारे १११ किलो. डेम्पसी सहा फूट एक इंच आणि जेमतेम ८५ किलो. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली कोसळला आणि तिसऱ्या फेरीनंतर तो लढायला उठलाच नाही. २६ किलोंचा फरक भरून काढणारं बळ डेम्पसीने आणलं कुठून? पुढे १९५० साली त्याने ‘चॅम्पियनशिप फायटिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते दंडांच्या गोळ्यांविषयी नाही. शरीराचं वजन गतिमान कसं करायचं, यावरच त्याचा सगळा भर आहे: पाऊल पुढे टाकताना वजन त्याच्याबरोबर पुढे पडू द्यायचं, खांदे गर्रकन फिरवायचे, पायांनी जमीन रेटून अंग वर उसळवायचं. मूठ हे या सगळ्याचं शेवटचं टोक. मला हे म्हणणं शब्दशः खरं वाटतं. ठोशाचं बळ पायात तयार होतं, ते वर पोचेल की वाटेतच सांडेल हे तोल ठरवतो, आणि हात ते फक्त पोचवतो. आपल्याकडे मात्र बॉक्सिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते फुगलेले दंड आणि पंचिंग बॅगवर धडाधड बसणारे ठोसे. पायांकडे कोणी बघत नाही.

टोलेडोच्या त्या लढतीवर एक आक्षेप फार जुना आहे. डेम्पसीच्या हातावरच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं, असा दावा त्याचा जुना व्यवस्थापक जॅक कर्न्स याच्या नावाने १९६४ साली एका अमेरिकी नियतकालिकात छापून आला. डेम्पसीने तो ठामपणे नाकारला आणि जाणकारांपैकी बहुतेकांनी तो मानला नाही. पण समजा, त्या एका लढतीबद्दल कुणाच्या मनात शंका उरलीच, तरी मुद्दा अडत नाही, कारण गेल्या चार दशकांत ठोसा प्रयोगशाळेत बारकाईने मोजला गेला आहे. त्या आकड्यांकडे वळण्याआधी ठोसा नेमका कसा जन्मतो ते जवळून पाहू.

उजव्या हाताचा बॉक्सर घेऊ. त्याचा डावा पाय पुढे, उजवा मागे आणि थोडा बाहेरच्या अंगाला. दोन पावलांमधलं अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीएवढं किंवा जरा जास्त. गुडघे सैल, मागच्या पायाची टाच जमिनीपासून किंचित उचललेली. हा त्याचा पवित्रा. आता तो उजव्या हाताचा सरळ ठोसा मारतो, ज्याला क्रॉस म्हणतात. पहिली हालचाल दिसतही नाही: मागच्या पायाचा चवडा जमीन दाबतो. जमीन तेवढ्याच जोराने उलट रेटते, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, आणि हाच रेटा सगळ्या ठोशाचं भांडवल. चवडा जागच्या जागी फिरतो, टाच बाहेर वळते, गुडघा आत येतो, खुबा पुढे फिरतो. कमरेच्या वरचा भाग क्षणभर मागे राहतो, त्यामुळे पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात आणि ताण सुटताच खांदा झटक्याने पुढे येतो. मग कोपर उलगडतं आणि अगदी शेवटी मूठ वळते. एव्हाना पुढचा पाय घट्ट रोवलेला असतो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय ताठ रोवतो, तेव्हा धावत आलेल्या अंगाला खाली ब्रेक लागतो आणि तो वेग हाताकडे फेकला जातो. बॉक्सरचा पुढचा पाय तेच काम करतो. तो पाय मऊ पडला, गुडघा पुढे लवत गेला, तर मागच्या पायाने कमावलेलं बरंचसं वाया जातं. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा अंशात घडतं. ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचं मोजमाप १९८५ साली झालं, तेव्हा निघाल्यापासून साधारण एक दशांश सेकंदात त्याची मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली होती आणि आघाताचं बल ४०९६ न्यूटन भरलं होतं.

रिंगच्या कोपऱ्यात राळेची पेटी ठेवायची एक जुनी पद्धत आहे. बॉक्सर त्यात बुटांचे तळवे घासून मगच लढायला उतरायचे. जमिनीवरची पकड सुटली तर ठोशातला जीव जातो, हे त्या माणसांना न्यूटन न वाचताही पुरतं ठाऊक होतं.

आता आकडे. १९८५ साली फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोव्हिएत संघातल्या १२० बॉक्सरांच्या सरळ उजव्या ठोशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: ठोशाच्या एकूण बळात पाय, धड आणि हात यांचा वाटा किती? ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’ या वरच्या श्रेणीच्या बॉक्सरांमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या फिरण्याचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. खालच्या श्रेणीच्या बॉक्सरांमध्ये चित्र उलटं होतं: पायांचा वाटा जेमतेम १६ टक्के आणि हाताचा ३८ टक्के. म्हणजे नवखा आणि उस्ताद यांच्यातला सर्वात मोठा फरक हातात नाही, कमरेखाली आहे. २००० साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात बॉक्सरांचे ठोसे खास तयार केलेल्या यंत्रावर मोजले गेले. मागच्या हाताच्या ठोशाचं बल अव्वल बॉक्सरांमध्ये सरासरी ४८०० न्यूटन, मधल्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये ३७२२ आणि नवख्यांमध्ये २३८१ न्यूटन भरलं. अव्वल बॉक्सरांच्या पुढच्या हाताचा आकडा होता २८४७. या शेवटच्या आकड्यावर जरा थांबायला हवं. माणूस तोच, त्याच्या दोन हातांच्या ताकदीत एवढी तफावत असू शकत नाही. मग मागचा हात पुढच्याच्या दीडपटीहून जास्त जोर कसा काढतो? कारण त्याच्यामागे मागच्या पायाचा रेटा आणि खुब्याचा पूर्ण फेरा असतो. पुढच्या हाताला तेवढं फिरायला जागाच नसते. २०१६ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या बॉक्सरांवर झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. ज्यांच्या पायांची स्फोटक ताकद जास्त, उडी मारण्यात जे सरस, त्यांच्या ठोशाचा आघातही जास्त होता.

इथे भौतिकशास्त्र जाणणारा वाचक एक नेमका आक्षेप घेईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. मूठ आणि जबडा यांचा संपर्क टिकतो काही मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तळपायाचा धक्का गुडघा, कंबर, खांदा ओलांडून मुठीपर्यंत येणार कसा? शिवाय २००५ साली ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांवर अमेरिकेत झालेल्या मोजमापात, सेकंदाला ९.१४ मीटर वेगाने आदळणाऱ्या मुठीमागचं प्रभावी वस्तुमान सरासरी २.९ किलो निघालं. हे तर जवळपास एका हाताच्या वजनाएवढं झालं! मग ‘अख्खं वजन ठोशात घालायचं’ या म्हणण्यात अर्थ काय राहिला?

आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. टक्कर होत असताना पाय मुठीला ढकलत नसतात, आणि ८५ किलोंचं अंग काही जबड्यावर येऊन आदळत नाही. पण पायांचं काम त्या क्षणाआधीच उरकलेलं असतं. मुठीला तो वेग दिला कोणी? नुसत्या खांद्याच्या आणि दंडाच्या स्नायूंनी तो एवढ्या थोड्या अंतरात गाठणं अवघड आहे. पाय आणि धड यांनी आधी खांदा वेगात आणला, त्यावर हाताने आपली भर घातली, म्हणून तो आकडा निघाला. वेगाचं मोलही साधं नाही, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगात दहा टक्के भर पडली की ऊर्जेत एकवीस टक्क्यांची पडते. राहिलं प्रभावी वस्तुमान. ते काही प्रत्येकाचं ठरलेलं नसतं. मनगट मुडपलं, कोपर लुळं राहिलं, अंग मागे झुकलेलं असलं तर ते घटतं. आघाताच्या क्षणी मुठीपासून खांद्यापर्यंत आणि तिथून धडापर्यंत सगळं ताठ झालं तर वाढतं. कॅनडातले संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० साली अव्वल दर्जाच्या लढवय्यांच्या स्नायूंचं काम नोंदवलं, त्यात स्नायूंच्या कामाला दोन शिखरं दिसली. सुरुवातीला स्नायू जोराने आवळले जातात, मधे सैलावतात म्हणून हात वेग घेतो, आणि लक्ष्याला लागताना पुन्हा आवळले जातात. हे दुसरं आवळणं अंग तोलात असेल तरच नीट साधतं. पडणारा माणूस स्वतःला सावरण्यात गुंतलेला असतो. त्याचे पोटाचे आणि पाठीचे स्नायू ठोशासाठी मोकळे नसतात. म्हणून बळ आणि तोल हे दोन वेगवेगळे धडे आहेत असं मला वाटत नाही.

तोल म्हणजे स्थिर उभं राहणं नव्हे. लढताना अंगाचा भार सतत इकडून तिकडे सरकत असतो. प्रश्न एवढाच की तो दोन पावलांच्या मधल्या जागेत राहतो की बाहेर जातो. ठोसा मारताना डोकं पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे गेलं की तो बाहेर गेला समजायचं. हालचालीचा मूळ नियमही इथूनच येतो: ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी. पुढे जाताना पुढचा, मागे जाताना मागचा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. दुसऱ्या पायाने तेवढंच अंतर सरकून पवित्रा पुन्हा जुळवायचा. पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत, जवळ आणायचे नाहीत. कारण ज्या क्षणी पावलं जुळतात किंवा कात्रीसारखी येतात, त्या क्षणी बॉक्सर ठोसा मारू शकत नाही आणि साध्या धक्क्यानेही पडू शकतो. नियम ऐकायला सोपा आहे. पण कोणी अंगावर चालून आल्यावर तो पाळायचा तर तो पायांच्या सवयीत मुरावा लागतो, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात.

‘ठोसा जन्मजात असतो, शिकवून येत नाही,’ असं बॉक्सिंगच्या वर्तुळात सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्यही आहे. स्नायूंची जात, हाडांची लांबी, कंडरांचा ताठपणा हे घेऊनच माणूस जन्मतो. पण रॉकी मार्सियानोचं उदाहरण पाहा. उंची पाच फूट दहा-अकरा इंच, वजन ८४ किलोंच्या आसपास, आणि हातांची पोच हेवीवेट जगज्जेत्यांमध्ये सर्वात तोकड्या पोचांपैकी एक. चार्ली गोल्डमन या प्रशिक्षकाकडे तो आला तेव्हा ठोसा त्याच्याकडे होताच. नव्हता तो तोल. पाय भलतेच फाकलेले, ठोसा चुकला की अंग भरकटायचं. गोल्डमनने त्याचे दोन्ही बूट दोरीने बांधून सराव करून घेतला, असं सांगितलं जातं. त्याने मार्सियानोला देखणा बॉक्सर करायचा प्रयत्न केला नाही. खाली वाकून आत शिरायला आणि तिथून रोवलेल्या पायांवर मारायला शिकवलं. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो गुणांवर मागे पडला होता. तेराव्या फेरीत त्याने उजव्या हाताचा एक आखूड ठोसा मारला आणि जगज्जेतेपद त्याच्याकडे आलं. हात फारसा मागे न खेचता मारलेल्या त्या ठोशात एवढा जोर आला तो अंगाच्या फिरण्यातून. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ प्रतिस्पर्ध्याला गारद करून. जन्मजात देणगी नसती तर हे घडलं नसतं, आणि गोल्डमनने पाय ताळ्यावर आणले नसते तरीही घडलं नसतं, असं माझं मत आहे.

याहून अवघड उदाहरण डिऑन्टे वाइल्डरचं. काटकुळे पाय, तोलाची फारशी पर्वा न करता भिरकावलेला उजवा हात, आणि तरीही आजच्या काळातल्या सर्वात घातक ठोशांपैकी एक. २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं तो डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेता होता. माझ्या म्हणण्याला हा अपवाद नाही का? मला वाटतं, वाइल्डरची सहा फूट सात इंच उंची आणि लांब हात त्याला असा वेग मिळवून देतात, जो इतरांना तंत्रानेही मिळत नाही. आणि पाय पोटरीत बारीक असले म्हणून रेटा देत नाहीत असं नाही. त्याचा उजवा ठोसा मागच्या पायावरूनच सुटतो. खरी परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये लास व्हेगासला झाली. टायसन फ्युरी सुमारे १२४ किलो वजनाने रिंगमध्ये आला आणि पहिल्या घंटेपासून पुढे रेटत राहिला. वाइल्डर सतत मागे हटत होता, वजन टाचांवर गेलं होतं, आणि ज्या उजव्या हाताची जगाला धास्ती होती त्यातून काही निघत नव्हतं. सातव्या फेरीत लढत थांबली. रिंगमध्ये येताना घातलेल्या जड पोशाखाने पायातली ताकद गेली, असं वाइल्डरने नंतर सांगितलं. ते कारण पटो न पटो, आपला ठोसा कुठे हरवला हे सांगताना त्यानेही बोट पायांकडेच दाखवलं.

शेवटचा आक्षेप चपळतेचा. पाय रोवले तर माणूस खांबासारखा उभा राहील आणि मार खाईल; मोहम्मद अली नाचत नाचत जिंकला, तो काय उगाच? पण अलीच्या लढती जरा लक्ष देऊन पाहिल्या तर दिसतं, की तो नाचत असताना जे मारायचा ते बहुतेक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट ठोसे, असायचे, आणि जोराचा ठोसा मारण्याआधी त्याचे पाय क्षणभर जमिनीवर टेकायचे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनविरुद्ध तो बराच वेळ दोरांना टेकून मार झेलत राहिला. आठव्या फेरीच्या अखेरीस तो दोरांपासून सुटून बाहेर आला, थकलेला फोरमन तोल सावरत त्याच्याकडे वळत होता, आणि पाय जमिनीवर असलेल्या अलीचा उजवा ठोसा त्याच्या चेहऱ्यावर बसला. फोरमन कलंडत खाली गेला. इथे पायांचा आणखी एक उपयोग दिसतो, ज्याची चर्चा फार कमी होते. ठोशाचा परिणाम मारणाऱ्याच्या तोलाइतकाच खाणाऱ्याच्या तोलावरही अवलंबून असतो. पवित्र्यात घट्ट असलेला माणूस जो ठोसा पचवतो, तोच वळता वळता, एका पायावर असताना बसला तर तो कोसळतो. समोरच्याला त्या अवस्थेत पकडायचं तर एक पाऊल बाजूला टाकून योग्य कोनात जावं लागतं. पाय सदासर्वदा रोवून ठेवायचे नसतात. हलके पाय तुम्हाला योग्य जागी नेतात, आणि तिथे पोचल्यावर क्षणभर जड होतात. हा बदल ज्याला झटकन जमतो तोच खरा ठोसेबाज. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनी लहानपणी बॉक्सिंग थांबवून पारंपरिक नृत्य शिकायला घातलं होतं. पुढे त्याने २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली.

आपल्याकडे हे सांगण्याची गरज आता जास्त आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून हौशी बॉक्सिंगमध्ये पंच बटण दाबून ठोसे मोजत असत. हलक्या, चपळ ठोशाला आणि हाडं खिळखिळी करणाऱ्या ठोशाला गुण एकच. त्या दोन दशकांत जगभरच्या हौशी बॉक्सरांची एक पिढी पटकन टिपून मागे पळायला शिकली, आणि त्यात आपलेही होते. २०१३ पासून प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत आली, आणि पंच आता ठोशांची संख्याच नव्हे तर दर्जा आणि लढतीवरचं वर्चस्वही बघतात. विजेंदर सिंग, मेरी कोम, लवलीना बोर्गोहेन यांच्या ऑलिंपिक पदकांनी आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी या खेळाला वाट करून दिली आहे. महाराष्ट्रात शहरोशहरी बॉक्सिंगचे क्लास निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पहिल्याच आठवड्यात मुलाला ग्लव्हज चढवून बॅगेसमोर उभं करण्याची घाई अनेक ठिकाणी होते, कारण पालकांनाही तेच बघायचं असतं. दंडाने मारायची सवय एकदा लागली की ती मोडणं फार कठीण. शिवाय पायांच्या सरावात डोक्यावर एकही ठोसा बसत नाही. कोवळ्या वयात मेंदूला बसणारे हादरे जितके टळतील तितकं बरं, ही गोष्ट मला तंत्राहूनही महत्त्वाची वाटते. तेव्हा मुलाला किंवा मुलीला क्लासला घालण्याआधी तासभर तिथे बसा आणि फक्त पाय बघा. प्रशिक्षक जमिनीवर रेघ मारून पुढे-मागे सरकायला लावतात का, ठोसा चुकल्यावर मूल कुठे उभं राहतं हे तपासतात का, टाच फिरली नाही तर थांबवतात का, ते पाहा. आणि पहिले दोन-तीन महिने मूल नुसतं पावलंच टाकतंय म्हणून क्लास बदलू नका.